स्कूल डे सॅट: राज्याच्या खर्चाने मिळणारी परीक्षा कितपत कामाची?

अमेरिकेतल्या पब्लिक स्कूलमध्ये अकरावीला असलेल्या मुलांच्या घरी हिवाळा संपता संपता शाळेचा ईमेल येतो: अमुक दिवशी सगळ्या ज्युनिअर्सची सॅट शाळेतच होणार, लॅपटॉप चार्ज करून आणा. तिसरीपासून दरवर्षी मुलं राज्याची कसली ना कसली चाचणी देत आलेली असतात, त्यामुळे बरेच पालक हीही त्यातलीच एक समजून सोडून देतात. पण मिशिगन, कोलोरॅडो, कनेटिकट अशा राज्यांत ही कॉलेजला पाठवता येणारी खरीखुरी सॅट, म्हणजे कॉलेजप्रवेशासाठीची परीक्षा, असते. शनिवारी 68 डॉलर भरून देतात तीच, फक्त बिल राज्य भरतं. टेनेसी, युटा, विस्कॉन्सिन इथे तिच्या जागी एसीटी ही तशीच दुसरी परीक्षा असते. हे परीक्षण मुख्यतः सॅटचं आहे. एसीटी लागेल तिथे येईल.

राज्य एवढं उदार का होतं? 2015 च्या ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्ट’नुसार तिसरी ते आठवी दरवर्षी आणि हायस्कूलमध्ये एकदा वाचन आणि गणिताची चाचणी घ्यावीच लागते, आणि किमान 95 टक्के मुलांनी ती द्यावी अशी अपेक्षा असते. स्वतःची वेगळी चाचणी तयार केली तर अकरावीची मुलं ती गांभीर्याने घेत नाहीत, कारण तिचा त्यांना काही उपयोग नसतो. सॅट किंवा एसीटी ठेवली की मुलं आपणहून अभ्यास करतात आणि कायद्याचं कामही होतं. कोलोरॅडो आणि इलिनॉय यांनी 2001 मध्ये सगळ्या ज्युनिअर्सना एसीटी देऊन ही वाट पाडली. मिशिगन 2007 मध्ये एसीटीवर आणि 2016 मध्ये सॅटवर गेलं.

या योजनेच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा मिशिगनचाच आहे. अर्थतज्ज्ञ जोशुआ हायमन यांनी तिथली सक्तीच्या आधीची आणि नंतरची आकडेवारी तपासली. आपणहून परीक्षा देऊन कॉलेजच्या तयारीचे ठरणाऱ्या प्रत्येक 10 गरीब मुलांमागे आणखी 5 मुलं निघाली, जी तितकीच तयार होती पण परीक्षेला बसलीच नसती. नोंदणी, फी, शनिवारी सकाळी दूरच्या केंद्रावर पोहोचवणारं कोणी नसणं, अशा क्षुल्लक अडचणींनी ती बाहेर राहत होती. परीक्षा शाळेच्या वेळेत, आपल्याच वर्गात आणली की या सगळ्या अडचणी एकदम संपतात. सेवा म्हणून स्कूल डेची, म्हणजे शाळेतच होणाऱ्या या सॅटची, खरी किंमत इथे आहे.

आता पेपर. मार्च 2024 पासून अमेरिकेत सॅट पूर्ण डिजिटल आहे आणि ब्लूबुक या ॲपवर होते. एकूण 98 प्रश्न, 2 तास 14 मिनिटं. वाचन-लेखनाची दोन मॉड्यूल म्हणजे भाग, प्रत्येकी 27 प्रश्न आणि 32 मिनिटं. मग 10 मिनिटांची सुट्टी. मग गणिताची दोन मॉड्यूल, प्रत्येकी 22 प्रश्न आणि 35 मिनिटं. म्हणजे वाचनात एका प्रश्नाला सत्तरेक सेकंद आणि गणितात दीड मिनिटाच्या थोडं वर. जुन्या कागदी सॅटच्या मानाने हा वेळ बराच सैल आहे. लांबलचक उतारे गेले; आता 25 ते 150 शब्दांचा तुकडा आणि त्यावर एकच प्रश्न.

पहिल्या मॉड्यूलमध्ये जमलं की दुसरं अवघड येतं, नाही जमलं की सोपं. सोपं दुसरं मॉड्यूल सगळं बरोबर सोडवलं तरी वरचे गुण हाती लागत नाहीत. म्हणून पहिल्या मॉड्यूलमध्ये घाई करून सोपे प्रश्न चुकवणं सगळ्यात महाग पडतं. एका मॉड्यूलच्या आत मागेपुढे जाता येतं, प्रश्नावर खूण करून ठेवता येते. पण मॉड्यूल संपलं की मागे जाता येत नाही, आणि लवकर संपवलं तरी पुढचं लवकर उघडत नाही. उरलेला वेळ तपासणीलाच वापरायचा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. प्रत्येक मॉड्यूलमधले दोन प्रश्न नुसते चाचपणीचे असतात, त्यांचे गुण धरत नाहीत, आणि ते कोणते हे ओळखता येत नाही. एखादा प्रश्न अगदीच विचित्र वाटला तर त्यावर चार मिनिटं घालवू नयेत ती याचसाठी.

गणितात सुमारे 35 टक्के बीजगणित, तितकंच पुढचं बीजगणित म्हणजे वर्गसमीकरणं, घातांकी फलनं वगैरे, आणि उरलेल्यात आकडेमोड-आलेख आणि भूमिती-त्रिकोणमिती साधारण निम्मी निम्मी. पूर्ण गणित विभागात डेस्मॉसचा आलेख कॅल्क्युलेटर पडद्यावरच मिळतो. तो वापरता येणाऱ्या मुलाला समीकरणांच्या जोड्या, छेदनबिंदू, वर्गसमीकरणाची मुळं हे सगळं सेकंदांत दिसतं. न येणारं मूल तेच हाताने सोडवत बसतं. तेव्हा डेस्मॉसचा सराव अभ्यासाइतकाच करावा, आणि त्रिकोणमिती आली की कोन अंशांत आहे की रेडियनमध्ये, ते सेटिंग आधी पाहावं.

सुमारे पाव प्रश्नांना पर्याय नसतात, उत्तर टाइप करायचं असतं. इथे गणित येऊनही गुण जातात. साडेतीन हे उत्तर 3 1/2 असं टाइप केलं तर यंत्र ते 31/2 वाचतं. 7/2 किंवा 3.5 लिहावं लागतं. दोन तृतीयांशाला 2/3 चालतं, .6666 चालतं, .6667 चालतं, .66 चालत नाही. चौकट भरेल इतके अंक द्यायचे हा नियम आहे: धन संख्येला पाच अक्षरं, ऋण संख्येला चिन्ह धरून सहा. टक्क्याचं चिन्ह, स्वल्पविराम, डॉलरचं चिन्ह टाकायचं नाही.

सराव ब्लूबुकवरच करावा. सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने त्यात पूर्ण लांबीच्या सराव परीक्षा फुकट ठेवल्या आहेत, खान अकादमीवरचा सॅटचा अभ्यासक्रमही फुकट आहे. छापून काढायच्या कागदी सराव परीक्षा या तुलनेत कमी कामाच्या: त्या मुलाच्या कामगिरीनुसार बदलत नाहीत आणि त्यांचं वेळेचं गणितही वेगळं. महागडा क्लास लावण्याआधी एवढं तरी संपवावं. बहुतेक मुलं संपवत नाहीत.

परीक्षेच्या दिवशी जे बिघडतं ते सहसा अभ्यासाशी संबंधित नसतं. यंत्राची बॅटरी तीन ते चार तास टिकायला हवी. वर्गात प्रत्येकाजवळ प्लग असेल याची खात्री नसते. ब्लूबुक विंडोज, मॅक आणि आयपॅडवर चालतं, क्रोमबुक मात्र शाळेने दिलेलंच लागतं, घरचं चालत नाही. ॲपचं अपडेट आणि परीक्षेची तयारीची पायरी आदल्या दिवसांत उरकावी, सकाळी वर्गात नव्हे. मध्येच वायफाय गेलं तर घाबरायचं कारण नाही. परीक्षा चालू राहते, कारण जोडणी सुरुवातीला आणि शेवटी उत्तरं पाठवतानाच लागते. पण शेवटी उत्तरं पोहोचल्याचा संदेश पडद्यावर दिसेपर्यंत झाकण मिटायचं नाही. ॲप निर्दोष आहे असं नाही: 8 मार्च 2025 च्या शनिवारच्या सॅटमध्ये वेळ संपायच्या आधीच उत्तरं आपोआप जमा झाली आणि हजारो मुलांना फटका बसला. असं काही घडलं तर त्याच क्षणी हात वर करून प्रॉक्टरला, म्हणजे पर्यवेक्षकाला, सांगावं, म्हणजे तक्रारीला आधार राहतो. मूल आजारी पडलं तर शाळेच्या ठरलेल्या कालावधीत पुन्हा बसवता येतं, मात्र काउन्सेलरला लगेच कळवावं लागतं.

आणखी एक किरकोळ वाटणारी पण आपल्याकडच्या नावांना हमखास नडणारी गोष्ट. शाळेच्या दप्तरात वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून असतं, कधी पहिल्या नावालाच चिकटलेलं असतं, आणि मुलाने कॉलेज बोर्डाच्या खात्यात ते गाळलेलं असतं. नाव आणि जन्मतारीख जुळली नाही तर निकाल खात्याला जोडला जात नाही. मग गुण आहेत पण दिसत नाहीत, अशी अवस्था होते. परीक्षेआधी दोन्हीकडचं नाव एकसारखं करून घ्यावं, आणि विसरला पासवर्ड म्हणून नवं खातं तर अजिबात उघडू नये.

इथवर सेवेला पाचपैकी चार द्यायला हरकत नाही. निकालाच्या कागदावर मात्र अडीचच्या पुढे जाववत नाही, आणि त्याचं कारण ‘कॉलेज रेडी’ ही रेघ.

कॉलेज बोर्डाची रेघ वाचन-लेखनात 480 आणि गणितात 530 आहे. तिचा अर्थ एवढाच: इतके गुण असलेल्या मुलाला कॉलेजच्या पहिल्या सत्रातल्या त्या विषयाच्या क्रेडिट कोर्समध्ये (पदवीत धरला जाणारा कोर्स) किमान सी ग्रेड मिळण्याची शक्यता 75 टक्के. प्रवेश मिळेल असा अर्थ नाही, शिष्यवृत्तीचा तर नाहीच. रेघेच्या खालच्या मुलाने कॉलेजचा विचार सोडावा असाही नाही. शिवाय प्रत्येक विभागाच्या गुणांत 30-40 गुणांची हालचाल नुसत्या मोजमापाची असते. गणितातल्या 510 आणि 540 यांत फरक आहे असं ठामपणे कोणी सांगू शकत नाही, पण कागदावर एक तयार आणि दुसरा नाही.

त्यावर राज्य आपली वेगळी रेघ मारतं. इलिनॉयने सॅट वापरली त्या काळात दोन्ही विषयांत 540 ही ‘अपेक्षा पूर्ण’ होण्याची पातळी होती. म्हणजे वाचनात 500 मिळवणारं मूल कॉलेज बोर्डाच्या हिशेबाने तयार आणि राज्याच्या हिशेबाने कच्चं. 2025 मध्ये राज्य एसीटीवर गेलं आणि नव्या रेघा आल्या, एसीटीच्या वेगळ्या मापावर: इंग्रजीत 18, गणितात 19. एसीटीची स्वतःची गणिताची रेघ वर्षानुवर्षं 22 राहिलेली. आता गणितात 20 मिळवणारं मूल राज्याच्या लेखी प्रवीण, आणि परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या लेखी अजून तयार नाही. आधी कच्चं म्हणणारं राज्य होतं, आता ते उलट झालं. त्या दोन वर्षांत शाळांमधलं गणित सुधारलंही नाही आणि बिघडलंही नाही. मोजपट्टी बदलली, एवढंच. त्यामुळे शाळेच्या बातमीपत्रात ‘आमची इतके टक्के मुलं कॉलेजसाठी तयार’ असं वाचलं की आधी विचारावं: कोणत्या परीक्षेवर, कोणाच्या रेघेनुसार, आणि मागच्या वर्षी तीच रेघ होती का?

रेघेचा खरा उपयोग जिथे तिच्यामागे एखादं दार असतं तिथे आहे. टेक्सासमध्ये सॅटचे तेच 480 आणि 530 असले की सरकारी कॉलेजांच्या तयारीच्या चाचणीतून सूट मिळते. म्हणजे क्रेडिट न देणाऱ्या उजळणीच्या वर्गात अडकायचं टळतं. कॅलिफोर्नियात अकरावीला सॅट नसून स्मार्टर बॅलन्स्ड ही राज्याची चाचणी असते. तिथे इंग्रजीत 2583 पासून तिसरी आणि 2682 पासून चौथी पातळी सुरू होते. गणितात हेच आकडे 2628 आणि 2718. चौथी म्हणजे कॅल स्टेट या सरकारी विद्यापीठाच्या लेखी तयार. तिसरी म्हणजे सशर्त तयार, बारावीत मान्यताप्राप्त विषय घेतला तर. त्या राज्यात यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) आणि कॅल स्टेट दोन्हीही प्रवेशासाठी सॅट पाहत नाहीत, तेव्हा तिथल्याच सरकारी विद्यापीठांत जाणाऱ्या मुलाने सॅटवर पैसे घालवण्याआधी विचार करावा. याउलट एमआयटीने 2022 मध्ये आणि डार्टमथ, येल, हार्वर्ड, कॅलटेक यांनी 2024 मध्ये परीक्षेची अट परत आणल्याचं जाहीर केलं. तिकडे नजर असलेल्या मुलाला शाळेतली ही फुकट सॅट म्हणजे पहिला खरा प्रयत्न.

आणि सगळ्या रेघांच्या वर शाळेतले चार वर्षांचे ग्रेड असतात. कॅलिफोर्नियाने 2017 च्या एबी 705 कायद्याने कम्युनिटी कॉलेजांना प्रवेशानंतरच्या छोट्या चाचणीऐवजी हायस्कूलचे ग्रेड पाहून मुलांना विषय द्यायला लावलं, कारण एका सकाळच्या चाचणीवर चांगली मुलंही उजळणीच्या वर्गात जाऊन पडत होती. सॅट ग्रेडच्या जोडीला उपयोगी आहे. ग्रेड चांगले आणि सॅट कमी असेल तर शाळेत ग्रेड सैल मिळतात का, की मुलाला वेळेचं बंधन जमत नाही, हे तपासता येतं. उलट असेल तर गृहपाठाची वही उघडून बघावी.

काही राज्यांत नववी-दहावीलाही पीसॅट, म्हणजे सॅटच्या आधीची सरावाची परीक्षा, याच व्यवस्थेत होते. तिचे गुण सॅटच्याच मापावर असल्याने दोन वर्षांचा कल दिसतो, हे चांगलं. पण नॅशनल मेरिट या शिष्यवृत्तीसाठी फक्त अकरावीच्या ऑक्टोबरमधली पीसॅट धरतात. दहावीच्या वसंतातली कितीही छान गेली तरी तिथे मोजत नाहीत. एसीटी देणाऱ्या राज्यांतल्या पालकांनी जुनी पुस्तकं मात्र बाजूला ठेवावीत. 2025 पासून ती परीक्षा आखूड झाली आहे, विज्ञान ऐच्छिक झालं आहे आणि गणिताला पाचऐवजी चार पर्याय असतात. राज्य विज्ञान घेतं की नाही, हे शाळेलाच विचारावं लागेल.