पेटीशी जुळणारा माउथपीस : व्हॅन्डोरेन एम १३ लायर

भावगीतांच्या आमच्या हौशी वाद्यवृंदात मी बी फ्लॅट क्लॅरिनेट वाजवतो आणि माझ्या शेजारी पेटी असते. पेटीचे सूर कारखान्यातून जसे लागून आलेले असतात तसेच राहतात. कार्यक्रमापूर्वी जुळवून घ्यायचे ते क्लॅरिनेटवाल्याने. नवीन माउथपीस, म्हणजे क्लॅरिनेटचा ओठांत धरायचा भाग, घेताना विक्रेते आणि जाणकार बहुधा नादाविषयी बोलतात, म्हणजे नाद गडद आहे की उजळ, गोल आहे की टोकदार. मला मात्र एवढेच हवे होते की मे महिन्यात, पंखा फिरत असलेल्या सभागृहात, आपले वाद्य पेटीच्या वर चढू नये. या एका निकषावर मी चार माउथपीस तपासले आणि व्हॅन्डोरेन या फ्रेंच कंपनीचा एम १३ लायर घेतला. तो वापरून आता सहा महिने झाले आहेत.

निकष असा का, हे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. हवा तापली की तिच्यातून ध्वनी वेगाने जातो आणि फुंकून वाजवायच्या वाद्यांचा सूर चढतो. युरोपातील अनेक वाद्यवृंद ए हा स्वर ४४२ हर्ट्‌झला लावतात आणि तेथील बहुतेक माउथपीस त्याच हिशेबाने घडवलेले असतात. आमची पेटी ४४० ला लावलेली आहे. हा फरक जेमतेम ८ सेंटचा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या बाराव्या भागाइतका. परंतु त्यात मुंबईच्या उकाड्याची भर पडली की तो कानाला टोचू लागतो. यावर सर्वांना ठाऊक असलेला उपाय म्हणजे बॅरल, म्हणजे माउथपीसखालचा नळीचा आखूड तुकडा, थोडे बाहेर ओढणे. त्याने नळी लांब होते आणि सूर उतरतो, पण सगळे स्वर सारखे उतरत नाहीत. ज्या स्वरांना नळीचा वरचा आखूड भागच लागतो, ते अधिक उतरतात. क्लॅरिनेटवादक ज्यांना घशातले स्वर म्हणतात, ते लिखित (म्हणजे क्लॅरिनेटच्या कागदावरचे, ऐकू येताना एक स्वर खाली येणारे) जी ते बी फ्लॅट, हे नेमके असेच आहेत.

आता हे पेटीच्या भाषेत मांडून पाहावे. बी फ्लॅट क्लॅरिनेटवरचा लिखित सी म्हणजे पेटीची काळी पाच, सप्तकातली पाचवी काळी पट्टी; त्या हिशेबाने घशातला बी फ्लॅट म्हणजे काळी चार. गायिकेची पट्टी काळी चार असली, तर तिचा तार षड्ज वाद्यावरच्या सर्वांत दुबळ्या स्वरावर येऊन पडतो. तो दुबळा असण्याचे कारणही वाद्याच्या रचनेतच आहे : वरच्या सप्तकात जाण्यासाठी जे बारीक छिद्र ठेवलेले असते, तेच या स्वरासाठीही वापरावे लागते आणि दोन कामांच्या तडजोडीत ते एकाही कामाला पुरेसे ठरत नाही. अशा स्वराला बॅरल ओढून आणखी खाली ढकलणे म्हणजे गाणे जिथे येऊन थांबते तिथेच बेसूर होणे. म्हणून मूळ सूरच खालचा असलेला माउथपीस मला हवा होता. व्हॅन्डोरेनची १३ ही मालिका, एम १३ लायर जिच्यात मोडतो ती, ४४० साठीच बनवलेली आहे. ती अमेरिकेतील वादकांना डोळ्यांपुढे ठेवून आखलेली असली, तरी आपल्या हवामानालाही ती सोयीची आहे.

तुलनेला घेतलेल्या इतर तिघांविषयी थोडक्यात लिहितो. माझ्या शिकाऊ क्लॅरिनेटबरोबर आलेला यामाहाचा ४सी हा फिनॉल रेझिनचा (एका कडक प्लास्टिकचा) माउथपीस प्रामाणिक आहे. पहिली दोन-तीन वर्षे तो बदलण्याची घाई कोणी करू नये. त्याच्या टोकाची फट, म्हणजे रीडचे (माउथपीसवर बांधलेल्या, फुंकल्यावर थरथरणाऱ्या पातळ पट्टीचे) टोक आणि माउथपीस यांच्यातील अंतर, १.०५ मिलिमीटर असते. व्हॅन्डोरेनचा बी ४५ हा बहुधा सर्वांत परिचित माउथपीस असून त्याची फट सुमारे १.२० मिलिमीटर आहे. अडीच नंबरची रीड (नंबर जितका मोठा तितकी रीड कडक) लावली की त्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, लोण्यासारखी निघते. मात्र फट मोठी असल्यामुळे ओठ किंचित सैल झाले तरी सूर घसरतो आणि ती मोकळीकच माझ्यासारख्या हौशी माणसाला महागात पडते. तिसरा बीडी ५, फट १.१३ मिलिमीटर. नाद भरदार, एकट्याने वाजवताना सर्वांत सुंदर. पण बासरी आणि व्हायोलिन यांच्याबरोबर वाजवताना तो मला मागे सरकल्यासारखा वाटला. हा १३ मालिकेतही मिळतो आणि एकल वादन करणाऱ्याने तो अवश्य ऐकावा.

एम १३ लायरची फट सुमारे १.०२ मिलिमीटर, म्हणजे जुन्या ४सीपेक्षाही किंचित कमी. केवळ हा आकडा पाहून दोन्ही सारखेच असतील असे समजू नये, कारण आतील पोकळी, टोकापासून रीड जिथे टेकते तिथपर्यंतच्या वळणाची लांबी आणि कडांची जाडी ही सारी नाद ठरवण्यात वाटेकरी असतात. अरुंद फटीला कडक रीड लागते. पहिले दोन आठवडे मी ३ नंबरवर काढले, नंतर ३½ वर गेलो आणि त्यानंतरच या माउथपीसचा खरा स्वभाव कळला : आवाज एकाग्र, मंद्रातून मध्य सप्तकात चढताना सांधा जवळजवळ न जाणवणारा, आणि बॅरल पूर्ण आत बसवूनही पेटीशी एकरूप होणारा. घशातला बी फ्लॅट अजूनही फिकाच आहे, परंतु तो सुरात आहे.

निवड प्रत्यक्ष वाजवूनच करावी, हा सल्ला सगळेच देतात. काय वाजवावे हे फारसे कोणी सांगत नाही. धोबी तलावच्या दुकानात जाताना मी २½, ३ आणि ३½ अशा तिन्ही रीड, माझे स्वतःचे बॅरल आणि मोबाइलवरील ट्यूनर घेऊन गेलो, कारण एकच रीड सर्व माउथपीसवर लावून पाहणे म्हणजे एकाच मापाची चप्पल सर्वांना घालून पाहण्यासारखे आहे. प्रथम माउथपीस आणि बॅरल एवढेच फुंकावे. सूर काळी तीनच्या आसपास यावा आणि स्थिर राहावा. नंतर बॅरलचे खालचे तोंड तळहाताने बंद करून रीडच्या बाजूने हवा ओढावी : निर्वात पोकळी दोन-तीन सेकंद टिकून मग रीड टपकन सुटली, तर रीड आणि माउथपीसचा सपाट भाग नीट टेकत आहेत असे समजावे. हवा ताबडतोब शिरली, तर आधी दुसरी रीड लावून पाहावी आणि मगच माउथपीसला दोष द्यावा. एका दुकानात मला दाखवलेल्या नगाच्या टोकाच्या कडेला केसाएवढा टवका होता आणि विक्रेता तो शोभेचा दोष असल्याचे सांगत होता. टोकाची कड हीच रीडची बैठक असल्याने असा नग कितीही सवलत दिली तरी घेऊ नये. एकाच मॉडेलचे दोन नग असतील, तर दोन्ही वाजवून पाहावेत. त्यांत फरक आढळतोच.

हा माउथपीस एबोनाइटचा, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचा आहे. गरम पाण्याने त्याचा आकार बिघडू शकतो आणि उन्हात ठेवल्यास काळा रंग हिरवट-तपकिरी होऊ लागतो, म्हणून कोमट पाणी आणि मऊ फडके पुरेसे आहे. दात घसरू नयेत यासाठी वर चिकटवायची पातळ चकती पहिल्या दिवसापासून लावावी. किंमत शिकाऊ वादकाला जड वाटेल अशीच आहे.

उणिवा दोन. पहिली मींडेची : बी ४५ वर ओठांनी सहज वाकणारा स्वर इथे हट्टी होतो आणि छिद्रांवरून बोटे हळूहळू सरकवत मींड घ्यावी लागते. दुसरी उणीव उघड्यावर वाजवताना कळते. गणपतीच्या मिरवणुकीत आमच्या चाळीच्या पथकाबरोबर मी वाजवले, तेव्हा ताशाच्या शेजारी हा एकाग्र आवाज दोन हातांपलीकडे पोचला नाही. लग्नाच्या बँडमधले जुने वादक मोठी फट आणि नरम रीड का पसंत करतात, हे त्या दिवशी उमगले. तुलनेसाठी एका मित्राकडून उसना आणलेला बी ४५ मी अजून परत केलेला नाही. पुढच्या अनंत चतुर्दशीपर्यंत तो माझ्याच पेटाऱ्यात राहील, असे त्याला कळवले आहे.