झोबेल मरीन २२१६ पावडर: जिवाणू वाढवायला उत्तम, हार्मोनच्या चाचणीला नको

इस्ट्राडिओल, टेस्टोस्टेरॉन ही हार्मोन फोडणारे समुद्री जिवाणू जिवंत ठेवायचे असतील तर ही मीडियाची, म्हणजे जिवाणूंच्या खाद्याची, तयार पावडर घ्यावीच. कृती समुद्री जिवाणूंचा अभ्यासक क्लॉड झोबेलची, १९४१ची. आगरवाली पावडर लिटरला साधारण ५५ ग्रॅम लागते, म्हणजे ५०० ग्रॅमच्या डब्यात नऊ लिटर. प्लेटवर वाढ झकास येते.

डबा मात्र जपावा लागतो. आत मॅग्नेशियम क्लोराइड आणि कॅल्शियम क्लोराइड आहे. दोन्ही हवेतलं पाणी ओढतात. पावसाळ्यात झाकण नीट लागलं नाही की खडे होतात, मग वजनात ओलावाही तोलला जातो आणि क्षार कमी पडतात.

ऑटोक्लेव्हमधून (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं यंत्र) ब्रॉथ, म्हणजे आगर नसलेला पातळ मीडिया, गढूळ निघतो, तळाशी गाळ दिसतो. मीडिया बिघडलेला नसतो. तापवल्यावर क्षारांचा साका बसतो, इतकंच. पण ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात गढूळपणावरून वाढ मोजणार असाल तर हा साका आकडा फुगवतो. ब्रॉथ गाळून पुन्हा निर्जंतुक करा आणि ब्लँक (शून्य ठरवायला जिवाणू न घातलेला ब्रॉथ) त्याच बाटलीतला घ्या.

खरी गोची जिवाणू हार्मोन फोडतात का, या चाचणीत. यात लिटरला ५ ग्रॅम पेप्टोन आणि १ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट असतं. इस्ट्राडिओल पाण्यात लिटरला जेमतेम तीन-चार मिलिग्रॅम विरघळतं, खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. समोर पंगत वाढलेली असताना जिवाणू त्या कणाकडे कशाला बघतील? पावडर दहापट पातळ करणं हाही उपाय नाही, कारण लिटरला १९ ग्रॅमचं मीठ दोनवर येतं आणि व्हिब्रिओसारखे समुद्री जिवाणू तग धरत नाहीत.

म्हणून पेशी यात वाढवा, मग कार्बन नसलेल्या कृत्रिम समुद्रजलात तीनदा धुवा. डिस्टिल्ड पाण्यात धुतल्या तर फुटतील. काचेच्या निर्जंतुक फ्लास्कमध्ये १ मिलिग्रॅम/मिलि ताकदीचं हार्मोनचं अॅसिटोनमधलं द्रावण ०.१ मिलि टाका, अॅसिटोन पूर्ण उडू द्या, मग धुतलेल्या पेशींसह १०० मिलि समुद्रजल ओता. घाईत राहिलेलं अॅसिटोनही जिवाणूंचं खाद्य ठरू शकतं. प्लास्टिक नको, हार्मोन त्याला चिकटतं. ते पेशींनाही चिकटतं. तेव्हा नुसतं चिकटलेलं किती ते कळायला मेलेल्या पेशींचा एक फ्लास्क सोबत हवाच, आणि इथाइल अॅसिटेट या द्रावकाने अख्ख्या फ्लास्कमधलं हार्मोन काढा, नुसत्या वरच्या पाण्यातलं नव्हे.

एचपीएलसीवर (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून प्रत्येकाचं शिखर दाखवणारं यंत्र) २८० नॅनोमीटरला इस्ट्राडिओलचं शिखर गेलं म्हणून लगेच खूश होऊ नका. शेजारी इस्ट्रोनचं शिखर उगवलंय का ते बघा. तसं असेल तर फक्त सतराव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट बदललाय. रेणूतली कार्बनची कडी शाबूत आहे, आणि इस्ट्रोनही हार्मोनच.