‘पाणी’ की ‘नीरु’: हाताने काढलेलं ॲनिमेशन की थ्रीडी?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ॲनिमेशन शिकायला बसलेल्याला लवकरच ठरवावं लागतं: टॅब्लेटवर चित्रं काढून ती ओपनटून्झ या टूडी सॉफ्टवेअरमध्ये हलवायची, की ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये पात्र उभं करायचं? दोन्ही सॉफ्टवेअर फुकट, तेव्हा प्रश्न पैशांचा नाही.

हाताने काढण्यात पहिल्याच संध्याकाळी काहीतरी हलताना दिसतं. सेकंदाला २४ फ्रेम खऱ्या, पण एक चित्र दोन फ्रेम धरलं की १२ चित्रांत भागतं, मिनिटाला ७२०. धूर, पाण्याचे शिंतोडे, झटक्यात लांबलेला हात, हे सगळं हातालाच शोभतं. थ्रीडीत मॉडेल, हाडांचा सापळा, वेट पेंटिंग (कुठल्या हाडाबरोबर अंगाचा कुठला भाग किती हलेल हे ठरवणं) होईपर्यंत पात्र नुसतं उभं. वर कोपर वाकवला की ओल्या पाइपसारखा चेपतो, कारण तिथे मॉडेलच्या पृष्ठभागाच्या जाळीच्या ओळी कमी असतात. सांध्यापाशी निदान तीन ओळी ठेवाव्यात.

इथवर पारडं हाताकडेच झुकतं. पण आपल्याकडे शाळेसाठी किंवा मंडळासाठी केलेली गोष्ट मराठीत झाली, की ‘कन्नडमध्ये पण द्या’ हे येतंच, आणि खरी कटकट तिथे सुरू होते. प, फ, ब, भ, म ला ओठ मिटतात, आणि प्रेक्षकाची नजर नेमकी तिथेच असते. ‘पाणी’ला ओठ मिटून उघडतात, त्याच अर्थाच्या कन्नड ‘नीरु’ला मिटतच नाहीत, ‘घर’ला उघडे, कन्नड ‘मने’ला (म्हणजे घरालाच) आधी मिटलेले. नुसता आवाज बदलून चालत नाही.

तोंड वेगळ्या थरावर काढता येतं, काढावंच. तरी मान वळली की तोंडाचा कोन बदलतो, हनुवटी सरकते. सहा तोंडं, तीन कोन, म्हणजे एका पात्राला १८ चित्रं. आणि मान हळूहळू वळत असेल तर तीही पुरत नाहीत. ब्लेंडरमध्ये तीच सहा तोंडं शेप-की (चेहऱ्याचे साठवलेले आकार) म्हणून एकदा घडवली की कुठल्याही कोनातून चालतात. फाइलची प्रत घ्यायची, तोंडाच्या कीफ्रेम (कुठल्या क्षणी कुठला आकार, याच्या खुणा) पुसायच्या, कन्नड आवाजावर नव्याने बसवायच्या. हातपाय तसेच राहतात. मिटलेले ओठ आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी आणावेत आणि निदान दोन फ्रेम धरावेत, नाहीतर ते दिसतच नाहीत.

बोलण्याचे शॉट मात्र पुन्हा रेंडर करावे लागतात, म्हणजे संगणकाकडून त्यांची अंतिम चित्रं पुन्हा काढून घ्यावी लागतात, हे खरं. सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडर इंजिनमध्ये फ्रेमला ३० सेकंद धरले तर एका मिनिटाला १२ तास. मध्येच लाईट गेली आणि थेट व्हिडिओ फाइल बनत असेल, तर ती अनेकदा उघडतच नाही. म्हणून पीएनजी फ्रेम (एकेक सुटी चित्र-फाइल) काढाव्यात आणि ‘ओव्हरराइट’ बंद ठेवावं. पुन्हा सुरू केल्यावर झालेल्या फ्रेम सोडून काम पुढे चालतं. अर्धवट लिहिली गेलेली शेवटची फ्रेम तेवढी आधी पुसावी. ईव्ही हे ब्लेंडरचं जलद इंजिन वापरलं तर वेळ पुष्कळ वाचतो, आणि शाळेच्या प्रोजेक्टरवर फरक कुणाला कळेलसं वाटत नाही.

एकाच भाषेत, दोन-तीन मिनिटांचं, संवाद नसलेलं काही करायचं असेल तर हाताने काढणंच बरं, असं म्हणेन. संवाद असतील तर थ्रीडी. फक्त दोन्ही भाषांचे आवाज आधी रेकॉर्ड करा आणि शॉटची लांबी मोठ्या वाक्यावर बेता. नाहीतर तोंड कन्नड बोलत राहतं आणि हात मराठी वाक्याबरोबरच खाली येतो.