जाम नट आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: देवास नाक्याजवळच्या एका गॅरेजविषयी

ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स बदलायचा म्हटले की आपण सगळे नव्या गिअरबॉक्सच्या किमतीची चौकशी करतो. जुना खाली उतरवताना काय अडेल, हे कोणी विचारत नाही. इंदूरला देवास नाक्याजवळ, मालवाहतुकीच्या गोदामांमागे असलेल्या एका लहान गॅरेजमध्ये मी हे काम नुकतेच करून घेतले. त्या गॅरेजविषयी माझे मत चांगले झाले ते मुख्यतः एका जाम नटामुळे.

गाडी जुनी डिझेल एसयूव्ही आहे. तिचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला पोचवणारा भाग) इंजिनाच्या फ्लेक्सप्लेटला, म्हणजे इंजिनामागे फिरणाऱ्या चकतीला, नटांनी जोडलेला असतो आणि स्टार्टर काढल्यावर जी फट मोकळी होते, तिच्यातून क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) फिरवत एकेक नट समोर आणून सोडवावा लागतो. बाकीचे नट सुटले, एक मात्र हलेना. पूर्वी कोणीतरी बारा कोनी सॉकेट लावून त्याचे कोपरे झिजवून ठेवले होते आणि आट्यांवर गंज चढला होता. अशा वेळी पान्याला लांब पाइप लावून जोर करणे हा आपल्याकडचा सर्वमान्य उपाय. स्टड (नट ज्यावर बसतो तो कन्व्हर्टरचा आटेदार दांडा) तुटला असता तरी एक वेळ चालले असते, कारण कन्व्हर्टर बदलायचाच होता; परंतु फ्लेक्सप्लेट इंजिनावरच राहणार होती, आणि ही पातळ पोलादी चकती एकदा वाकली की नव्या गिअरबॉक्सलाही थरथर लागते व पुढे तिला तडे जातात. गॅसची ज्योत लावावी, तर क्रँकचे मागचे रबरी सील तिथून जवळ आणि आजूबाजूला सांडलेले एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) पेट घेणारे.

गॅरेजचे मालक मराठीच. त्यांनी वायर ब्रशने आटे साफ केले, पेनेट्रंट सोडले आणि म्हणाले, "साहेब, आज राहू द्या. रात्रभर तेल मुरू दे, सकाळी बघू." (जाता जाता: आपल्याकडे गंज दिसला की डब्ल्यूडी-४० फवारतात, १९५३ मध्ये ते तयार झाले ते मुळात ओलावा हटवण्यासाठी. बसलेल्या गंजात शिरणारे पेनेट्रंट वेगळे मिळते.) सकाळी त्यांनी इंडक्शन हीटरची (ज्योतीशिवाय, विजेने धातू तापवणाऱ्या यंत्राची) कॉइल नटाभोवती धरून फक्त नट तापवला, किंचित लहान मापाचे सहा कोनी सॉकेट हातोडीने त्यावर ठोकून बसवले आणि नट आधी आवळण्याच्या दिशेने जरासा हलवला. बारीक 'कट्' असा आवाज आला. त्यानंतर उलट फिरवताच तो निमूटपणे सुटला.

बसवतानाही हीच शिस्त दिसली. कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या तेलपंपात पूर्ण शिरला आहे की नाही, हे बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या इंजिनाकडच्या घंटेसारख्या भागाच्या) तोंडावर सरळ पट्टी ठेवून, आतले अंतर मोजून तपासले गेले. तो अर्धवट बसलेला असताना बोल्ट आवळून गिअरबॉक्स इंजिनाला ओढून घेतला, तर पंपच फुटतो. नट नवे वापरले, गिअरबॉक्सचे तेल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्या धुऊन घेतल्या आणि तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला आल्यावरच पाहिली.

तक्रारीही आहेत. काम सांगितलेल्या मुदतीत झाले नाही, फोन क्वचितच उचलला जातो आणि बिलात नट, सील व तेल मजुरीतच मिसळून एकच आकडा लिहिलेला असतो. वेगवेगळा हिशोब मागितला तर देतात, पण मागावा लागतो. त्यांच्याकडे सर्व गाड्यांना चालते म्हणून ठेवलेले एकाच प्रकारचे एटीएफ आहे. तेव्हा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचे तेल स्वतः नेऊन द्यावे, ते त्याला हरकत घेत नाहीत.