कागदी नकाशा आणि दोऱ्याचा तुकडा : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नऊ महिन्यांत एकाच दुर्गम डोंगररांगेतील पाच खडतर ट्रेकची आखणी मी १:५०,००० प्रमाणाच्या जलरोधक कागदी नकाशावर केली. वाट मोजण्यासाठी मी सुती दोरा वापरतो. किंचित ओला केलेला दोरा प्रत्येक वळणावर बोटाने दाबत नेला की तो कागदाला चिकटून राहतो. मग सरळ करून पट्टीवर धरायचा, २ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर.

परंतु या नकाशाने मला खरे शिकवले ते अंतर नव्हे, तर चढ मोजायला. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला हिशेब आज साधारण असा सांगितला जातो : दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. १४ किलोमीटर आणि १२०० मीटर चढाच्या दिवसाला यानुसार पावणेपाच तासांहून थोडा अधिक वेळ लागायला हवा. पाठीवर पाच दिवसांचे सामान असताना हे जमत नाही, म्हणून मी त्याची दीडपट करतो, म्हणजे सव्वासात तास. प्रत्यक्षात त्या दिवशी मला सात तास चाळीस मिनिटे लागली. तेव्हापासून कुठून आणि किती वाजता माघारी फिरायचे, हे मी घरीच नकाशाच्या कडेला लिहून ठेवतो.

उणीवही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. माझ्या नकाशात दोन समोच्चरेषांमध्ये (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमध्ये) उंचीचा २० मीटरचा फरक आहे, त्यामुळे पंधरा मीटरचा कडा त्यांच्यामध्ये सहज लपू शकतो. तिसऱ्या ट्रेकमध्ये सोपी वाटलेली डोंगराची सोंड उतरताना मी अशाच एका कड्यावर येऊन थांबलो आणि सुट्या दगडमातीच्या घसाऱ्यावरून पुन्हा वर चढण्यात दोन तास गेले. आता रेषा जिथे दाट होऊ लागतात तिथे मी पर्यायी उतार आधीच शोधून ठेवतो. तुटक निळ्या रेषेने दाखवलेल्या ओढ्यात पाणी मिळेलच, असेही मी धरत नाही. बर्फ वितळून वाहणारे प्रवाह दुपारनंतर फुगतात, म्हणून ते सकाळी लवकर ओलांडता यावेत अशा बेताने मुक्काम ठरवतो.

फोनवरील नकाशाही मी सोबत ठेवतो, पण थंडीत बॅटरी लवकर उतरते. होकायंत्र वापरताना चुंबकीय उत्तर आणि नकाशावरची उत्तर यांतला फरक मात्र विसरू नये : १० अंशांची चूक एका किलोमीटरमध्ये सुमारे १७५ मीटर बाजूला नेते, आणि धुक्यात तेवढ्याने खिंड चुकते.

कागद अजून फाटलेला नाही. घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथली छपाई उडाली आहे. तिथल्या सहा रेषा मी दुसऱ्या प्रतीवरून पाहून बारीक पेनाने पुन्हा ओढल्या आहेत.