डॅटसन ५१० मध्ये टर्बो इंजिन: आठ महिने आणि साडेसहा हजार किलोमीटरनंतर

बॉनेट बंद होतं का, हेच सगळे आधी विचारतात. होतं. बाहेरून पाहिलं तर आत काही बदललंय याचा पत्ताही लागत नाही. फुगवटा नाही, कापाकापी नाही. पण त्यासाठी इंजिन तीनदा चढवून उतरवावं लागलं. मुलांच्या खेळण्यातली मऊ माती असते ना, तिचे लिंबाएवढे गोळे व्हॉल्व्ह कव्हरवर, इनटेकवर (हवा आत घेणारा भाग) आणि टर्बोच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, पाइपवर ठेवायचे, बॉनेट अलगद बंद करायचं, परत उघडायचं आणि कुठला गोळा किती चेपला ते मोजायचं. पहिल्या खेपेला पुढचा गोळा कागदासारखा झाला होता. तिसऱ्या खेपेला सगळीकडे बोटभर जागा मिळाली आणि मी खूश झालो.

बोटभर पुरत नाही. जोरात रेस दिली की इंजिन माउंटिंगवर कलतं, आणि टर्बोचं इंजिन तर चांगलंच कलतं. पहिल्याच आठवड्यात बॉनेटच्या आतल्या बरगडीवर चकचकीत ओरखडा दिसला. मग माउंटिंगखालची पॅकिंग पाच मिलिमीटरने कमी केली, तर खाली तेलाचं पॅन क्रॉसमेंबरला, म्हणजे गाडीखालच्या आडव्या पट्टीला, टेकायला आलं. शेवटी माउंटिंगचं रबर थोडं कडक घेतलं. आता ओरखडा वाढत नाही, पण सिग्नलला थांबलो की आरसा थरथरतो.

गाडी चार दारांची डॅटसन ५१०, म्हणजे १९६८ ते १९७३ या काळातलं मॉडेल. मूळ इंजिन एल१६: १५९५ सीसी, कार्बोरेटर, कागदावर ९६ अश्वशक्ती. त्या काळच्या साध्या सेडानमध्ये मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन हे नवलच होतं. अमेरिकेतल्या पीटर ब्रॉकच्या बीआरई या रेसिंग टीमने याच गाडीवर, जॉन मॉर्टनच्या हातात स्टिअरिंग देऊन, १९७१ आणि १९७२ अशी दोन वर्षं ट्रान्स-ॲम या तिथल्या शर्यत-मालिकेचा अडीच लिटरखालचा किताब मारला. त्यामुळे हिच्यात दणकट इंजिन घालायची हौस काही नवी नाही. मी घातलेलं इंजिन एसआर२०डीईटी, निस्सानच्या एस१३ सिल्व्हिया या स्पोर्ट्स गाडीमधलं. १९९८ सीसी, बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ८६ मिलिमीटर, ॲल्युमिनियमचा ब्लॉक, कंपनीच्या हलक्या बूस्टवर (टर्बो हवा आत ढकलतो तो दाब) २०५ अश्वशक्ती. डॅटसन हा निस्सानचाच ब्रँड, म्हणून दोन्ही निस्सानचीच, म्हणजे मामला घरातल्या घरातला. अशी मी मनाची समजूत घातली होती.

उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत एक पेच आहे. या इंजिनाचा टर्बो उजव्या अंगाला येतो, आणि स्टिअरिंग बॉक्स व ब्रेकचा मास्टर सिलिंडरही तिथेच. लाल होईपर्यंत तापणारी वस्तू आणि ब्रेक ऑइल शेजारी-शेजारी! पहिल्या लांब घाटात उतारावर ब्रेकचं पेडल स्पंजासारखं मऊ झालं तेव्हा माझाच घसा कोरडा पडला. नंतर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं कवच केलं, पण ते टर्बोला चिकटवून नाही. मधे दोन सेंटिमीटर हवा खेळती ठेवली. पत्र्यापेक्षा त्या मोकळ्या जागेचाच उपयोग जास्त. ब्रेक ऑइल पूर्ण बदललं, जवळपासचे रबरी होज दुसरीकडून फिरवले. त्यानंतर तोच घाट दोनदा उतरलो, पेडल जागेवर.

आता धुराची गोष्ट. दोन महिन्यांनी गाडी सिग्नलला उभी राहिली की मागून निळसर धूर यायला लागला. चालताना नाही, फक्त उभी असताना. दाखवली तिथे निदान झालं की टर्बोचे सील गेले, टर्बो बदला. मी जवळजवळ ऑर्डर दिली होती. एका रविवारी सहज गाडीखाली शिरलो. टर्बोतून तेल परत पॅनमध्ये नेणारा जाड होज असतो, तो एका ठिकाणी मुरगळून चपटा झाला होता. टर्बोला तेल दाबाने मिळतं, पण परत जाताना ते निव्वळ उताराने जातं. वाट अरुंद झाली की तेल टर्बोत तुंबतं आणि सीलमधून एक्झॉस्टमध्ये गळतं. आणि मुरगळायचं कारण? ती पाच मिलिमीटरची पॅकिंग! इंजिन खाली आलं आणि होज क्रॉसमेंबरवर दाबला गेला. दोन इंच आखूड केला, एकसारखा उतार दिला, धूर बंद. टर्बो आजही तोच आहे. निळा धूर दिसला की आधी हा होज बघा, मग पाकिटाला हात घाला.

पेट्रोलचं काम मी सगळ्यात हलक्यात घेतलं होतं. कार्बोरेटरला तीन-चार पीएसआयचा पंप पुरतो; इंजेक्शनला साधारण तीन बार, म्हणजे त्याच्या दहापटीहून जास्त दाब लागतो, शिवाय उरलेलं पेट्रोल टाकीत परत आणणारी वेगळी लाइन. हे सगळं केलं. पण जुन्या टाकीत पेट्रोल हेलकावू नये म्हणून आडव्या पट्ट्या नसतात हे डोक्यातच आलं नाही. टाकी पावपेक्षा कमी असताना लांब वळण घेतलं की पेट्रोल एका कोपऱ्यात जातं, पंप हवा ओढतो, गाडी गचके खाते. कार्बोरेटरच्या गाडीत एवढ्याने काही बिघडत नाही. टर्बोच्या गाडीत बूस्टवर असताना पेट्रोल कमी पडलं तर पिस्टनचा बळी जातो. डिकीत छोटी सर्ज टाकी (पंपाला कायम पेट्रोल मिळावं म्हणून मधे ठेवलेली छोटी टाकी) बसवेपर्यंत मी टाकी अर्ध्याखाली जाऊच दिली नाही. नॉकिंगच्या, म्हणजे पेट्रोल वेळेआधी स्फोटासारखं पेटण्याच्या, भीतीने बूस्टही कंपनीचाच ठेवलाय, कारण हे इंजिन मुळात जपानमधल्या जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर ट्यून केलेलं आहे.

वायरिंगला तीन आठवडे गेले. त्यावर लिहायचा उत्साह नाही. मोठा रेडिएटर आणि पंख्याभोवती नीट बसणारं आवरण घातल्यावर गाडी गरम व्हायची थांबली. नुसता मोठा पंखा लावून थांबली नव्हती.

एक हौस मात्र नडली. गिअर बदलताना ‘फुस्स’ आवाज करणारा, हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह लावला होता. आवाज झकास. पण या इंजिनात आत येणारी हवा सेन्सर आधीच मोजून घेतो आणि तेवढं पेट्रोल टाकतो. मोजलेली हवा बाहेर सोडली की मिश्रण दाट होतं, आणि ॲक्सिलरेटर सोडला की गाडी बंद पडायला बघते. महिनाभर भर रहदारीत बंद पडून लाजल्यावर हवा परत इनटेकमध्ये वळवणारा मूळ व्हॉल्व्ह लावला. आवाज गेला, अब्रू राहिली.

चालवायला कशी आहे? अडीच हजार आरपीएमच्या खाली ही एक साधी, जरा घोगरी दोन लिटरची गाडी. तीन हजारच्या पुढे पाठीला कोणी तरी तळहात टेकवून ढकलल्यासारखं होतं, आणि जेमतेम साडेनऊशे किलोच्या गाडीत तो तळहात बराच मोठा वाटतो. चढावर ओव्हरटेक करताना आता गिअर खाली टाकावा लागत नाही. पण ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये मागची चाकं सहज सुटतात, पाय जपूनच ठेवावा लागतो. ऐंशीच्या आसपास पूर्वी जी घुमघुम यायची ती प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) कोनामुळे होती. गिअरबॉक्सचं मागचं टोक वॉशर घालून थोडं उचलल्यावर बरीच कमी झाली, पूर्ण नाही. सरळ हायवेला लिटरला अकरा किलोमीटर मिळतात. मस्ती केली तर सात.

माझी मोठी चूक म्हणजे कामाचा क्रम. पुढचे मोठे ब्रेक मी इंजिन चालू झाल्यावर दोन महिन्यांनी घातले. त्या दोन महिन्यांत गाडी पळायची आजच्या काळात आणि थांबायची १९७० मध्ये. आज कोणी हे काम काढलं तर मी सांगेन की ब्रेक, पेट्रोलची लाइन आणि रेडिएटर जुन्या इंजिनावरच करून घ्या, महिनाभर चालवा, आणि मग इंजिन उतरवा. नव्या इंजिनाच्या आनंदात ही कामं कोणी करत नाही, मीही केली नाहीत.

पुन्हा करेन का, असं बायकोने विचारलं तेव्हा मी होज आवळत होतो, म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही. करेन. फक्त एल१६ चा तो शिवणयंत्रासारखा टकटक आवाज आठवतो कधी कधी. ते इंजिन विकलेलं नाही. पत्रा कुठेच कापला नसल्यामुळे परत बसू शकतं. कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे. महिन्यातून एकदा प्लगच्या भोकांतून थोडं तेल सोडतो आणि पाना लावून क्रँक दोन फेरे हाताने फिरवतो. अजून अडकत नाही.