पायथन आणि थॉनी : दूध संकलन केंद्रावरचे नऊ महिने

गावात वडिलांचं दूध संकलन केंद्र आहे. ६४ उत्पादक, सकाळ-संध्याकाळ दूध, दर दहा दिवसांनी पगार. म्हणजे एका पगाराला १,२८० नोंदी, प्रत्येकीत लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि दर. शेवटी पेंडीची उचल वजा करायची. हे सगळं मी आणि आई रात्री कॅल्क्युलेटर घेऊन करायचो. त्यातून सुटायला म्हणून मी कोडिंग शिकले.

आधी तालुक्याच्या एका क्लासला तीन महिने सी केलं. सी भाषेबद्दल माझी तक्रार नाही, पण तिथे निळ्या पडद्यावर ताऱ्यांचे पिरॅमिड काढण्यापुढे गाडी सरकलीच नाही. एक्सेलमधल्या नोंदी कशा वाचायच्या, असं विचारलं तर ‘ते सिलॅबसमध्ये नाही’ एवढंच उत्तर. मग पायथन ही भाषा घेतली.

माझा लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा. कोड लिहायचं व्हीएस कोड हे सॉफ्टवेअर टाकून पाहिलं. चांगलं आहे, पण कुठलं एक्स्टेन्शन घ्यायचं, कुठला इंटरप्रिटर (कोड चालवणारा प्रोग्रॅम) निवडायचा, यातच दोन संध्याकाळी गेल्या. थॉनीत हा प्रश्नच आला नाही. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात नवशिक्यांसाठी तयार झालेलं हे फुकट सॉफ्टवेअर, पायथन त्याच्या पोटातच येतं. टाकलं, दोन ओळी लिहिल्या, एफ५ दाबलं, उत्तर समोर. बाजूच्या चौकटीत प्रत्येक व्हेरिएबलची (नाव देऊन ठेवलेल्या आकड्याची किंवा मजकुराची) चालू किंमत दिसते, आणि डीबग (चूक शोधायची सोय) लावलं की गणित एकेक पायरी सोडवून दाखवतं. फॅटचा दर चुकतोय कुठे, हे मला तिथेच सापडलं.

केंद्रावरच्या कॉम्प्युटरवर मात्र नुसतं पायथन टाकलं. तिथे इन्स्टॉल करताना पहिल्याच खिडकीत तळाशी ‘पाथ’ची टिक असते, ती करायची राहिली तर कमांड प्रॉम्प्टला पायथन सापडत नाही. ती टिक आधी करा.

मराठीचा अनुभव सांगायलाच हवा. आई एक्सेलमध्ये फॅट ‘३.८’ असं देवनागरीत लिहिते. मला वाटलं, सगळं बदलून घ्यावं लागणार. पण मजकुरातून दशांश आकडा काढणाऱ्या फ्लोटला तो मजकूर दिला आणि त्याने सरळ आकडा काढून दिला! प्रोग्रॅममध्ये थेट देवनागरी अंक लिहिले तर मात्र एरर येते. नावांनी जास्त छळलं. विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ आहे हे सांगितलं नव्हतं, तर काही नावांचा कचरा दिसायचा आणि जोडाक्षर आलं की फाइल वाचतानाच एरर. तेवढं लिहिल्यावर सगळी नावं नीट आली.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते आकडा पूर्ण रुपयात आणणाऱ्या राउंडने. दुसऱ्या पगाराला एका काकांचे २,४८२.५० रुपये झाले, प्रोग्रॅमने २,४८२ दाखवले. शेजारच्यांचे २,४८३.५०, त्यांना २,४८४. दोघे एकाच वेळी काट्यावर उभे! वडील म्हणाले, “अगं, एकाचे पन्नास पैसे खाल्ले आणि दुसऱ्याला जास्त दिले, असं कसं चालेल?” शोधल्यावर कळलं, पायथनचा राउंड बरोबर अर्ध्यावर आलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतो. मोठ्या बेरजेत झुकाव राहू नये म्हणून ती रीत आहे, पण दुधाच्या पगाराला अर्धा रुपया वरच जातो. शिवाय ०.१ आणि ०.२ ची बेरीज फ्लोटमध्ये ०.३०००००००००००००००४ येते. म्हणून आता पैशाचं सगळं गणित डेसिमलमध्ये (दशांश आकडा जसाच्या तसा ठेवणारा पायथनचा प्रकार) करते आणि अर्ध्याला वर न्यायचं हे स्पष्ट लिहिते. पैशाचा हिशेब करणार असाल तर डेसिमल पहिल्या आठवड्यातच शिका.

फोनवरचं ॲप करायचं असेल तर पायथनने सुरुवात करू नका, मी प्रयत्न करून सोडून दिलं. वेबपेज करायचं असेल तर जावास्क्रिप्ट घ्या, ब्राउझर सगळ्यांकडे असतोच. मला नोंदींचा हिशेब हवा होता, त्याला पायथन चपखल बसलं. पूर्वी दोन रात्री जायच्या, आता नोंदी तपासण्यासकट तासाभरात पगार तयार होतो.

सध्या पावतीवर अडले आहे. केंद्रावरच्या छोट्या थर्मल प्रिंटरवर मराठी नावं मजकूर म्हणून पाठवली की जोडाक्षरं तुटतात. आता पावतीचं चित्र करून ते छापून बघतेय. लक्ष्मण आणि ज्ञानेश्वर ही दोन नावं नीट आली की पुढच्या पगाराला पावत्या वाटेन.